बंदरावर दुकान हलवावे का?
निर्णय मे महिना पाहून नव्हे, जुलै पाहून घ्या

देशावरच्या पेठेत दोन-तीन वर्षे धंदा मंद चालला की घरात एकच चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो पुण्याला जा, कोणी म्हणतो भिवंडीला. त्यातच मे महिन्यात लग्नानिमित्त कोकणात जाऊन आलेला एखादा नातेवाईक हमखास सांगतो, ‘‘रत्नागिरीला दुकान टाका. तिकडे परदेशचा पैसा आहे, कारागीर मिळत नाही आणि लोक मजुरीला मागे-पुढे पाहत नाहीत.’’ त्याचे म्हणणे खोटे नसते. पण त्याने पाहिलेला महिना हा वर्षातला सर्वात चांगला महिना असतो, एवढी गोष्ट तो सांगायला विसरतो.

मिरज, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, कराड या भागातल्या शिंपी, वेल्डर, सुतार, मेकॅनिक, बेकरीवाले आणि किरकोळ व्यापारी बांधवांना समुद्रकाठच्या गावी जायचे असेल, तर नेमका काय विचार करावा, याची चर्चा या लेखात केली आहे. उदाहरण रत्नागिरी शहराचे घेतले आहे. जिल्ह्याचे ठिकाण, मासेमारीचे मोठे बंदर आणि आंब्याचा बाजार या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आहेत. मालवण, दापोली, हर्णे किंवा श्रीवर्धनचा विचार करणाऱ्यांनाही हाच हिशेब थोड्या फरकाने लागू पडेल.

पैसा कोठून येतो?

नव्या गावी दुकान टाकण्यापूर्वी पहिला प्रश्न हा विचारावा की येथल्या गिऱ्हाइकाच्या हातात पैसा येतो कोठून आणि कोणत्या महिन्यात. देशावर ऊस, यंत्रमाग, बाजार समिती आणि कारखान्याचा पगार यांवर बाजार चालतो. रत्नागिरीत हे चित्र वेगळे आहे. तेथे पैसा मुख्यतः पाच वाटांनी येतो. सरकारी कचेऱ्या, शाळा, बँका आणि औद्योगिक वसाहतीतले पगार ही पहिली वाट. मिरकरवाडा बंदरातली मासेमारी ही दुसरी. हापूस आंबा ही तिसरी. मुंबईला असलेल्या चाकरमान्यांचा पैसा ही चौथी आणि आखाती देशांत किंवा आफ्रिकेत गेलेल्या माणसांनी पाठवलेला पैसा ही पाचवी.

यांपैकी फक्त पगाराचा पैसा बाराही महिने सारखा येतो. परदेशचा पैसाही महिन्याला येतो, पण त्यातून किराणा, शाळेची फी आणि दवाखाना चालतो. मोठा खर्च, म्हणजे घराचे काम, लग्न, फर्निचर, कपडे, हा माणूस सुटीवर घरी आल्यावरच होतो. बाकी तिन्ही वाटा मोसमी आहेत.

जनगणनेचे आकडेही ध्यानात घेण्यासारखे आहेत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती. ती 2011 मध्ये 16,15,069 झाली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे 82 हजारांनी घटली. त्या दशकात लोकसंख्या घटलेले राज्यात तीनच जिल्हे होते. मुंबई शहर, सिंधुदुर्ग आणि हा तिसरा. 2011 मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. याचा अर्थ उघड आहे. कमावता माणूस बाहेर आहे आणि घर बाई चालवते. कोणते कापड घ्यायचे, खिडकीला कोणती जाळी बसवायची, फ्रिज कोणाकडून दुरुस्त करायचा, हे बऱ्याच घरांत तीच ठरवते. दुकानात बायकांना बसायला जागा नसेल, कारागीर घरी जाऊन नीट बोलत नसेल किंवा सांगितलेल्या दिवशी काम देत नसेल, तर त्याचा जम बसणे अवघड आहे.

दुसरी गोष्ट गावाच्या आकाराची. 2011 मध्ये रत्नागिरी नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे 76 हजार लोक राहत होते. त्याच वेळी इचलकरंजीची लोकसंख्या पावणेतीन लाखांहून अधिक होती. मिरजोळे, कुवारबाव, नाचणे, शिरगाव ही लगतची गावे धरली तरी बाजार मर्यादित आहे. मोठ्या शहरात नाराज गिऱ्हाईक गेले तर दुसरे येते. लहान गावात एक बिघडलेले काम आठवड्यात चार मोहल्ल्यांत कळते. तसेच एक चांगले झालेले कामही कळते.

कोकणचे वर्ष

रत्नागिरीच्या बाजाराचे वर्ष ऑक्टोबरपासून मोजावे. पाऊस थांबला की बांधकामे सुरू होतात, चिऱ्याच्या गाड्या हलू लागतात, वेल्डर, गवंडी आणि सुतारांना कामे लागतात. होड्या समुद्रात असतात, त्यामुळे बंदरावर पैसा खेळत असतो. फेब्रुवारी-मार्चपासून आंबा बाजारात येऊ लागतो. शिमग्याला चाकरमानी येतो. एप्रिल-मेमध्ये आंबा जोरात, शाळांना सुटी, मुंबईची आणि परदेशातली माणसे घरी आणि लग्नांची दाटी. मेच्या अखेरीस ‘आगोट’ येते. पावसाळ्यापूर्वी घरात कांदे, मसाला, सुकी मासळी, सरपण भरून ठेवण्याची आणि छपरे झाकून घेण्याची ही गडबड असते. ताडपत्री, प्लास्टिकचे कापड, छत्र्या, पत्रे, सगळ्यांनाच उठाव असतो.

नंतर जून येतो आणि सगळे चित्र बदलते. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. बांधकाम थांबते. पर्यटक येत नाहीत. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खेड्यातले गिऱ्हाईक गरजेशिवाय एसटीत बसत नाही. गणपतीला चाकरमानी येतो तेव्हा पंधरा दिवस बाजार पुन्हा उजळतो आणि मग नवरात्र-दिवाळीपर्यंत हळूहळू सावरतो.

आपल्या कापड, शिलाई, अत्तर, सुकामेवा आणि पादत्राणे विकणाऱ्या बांधवांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. 2014 ते 2016 या काळात तो ऐन जून-जुलैत आला होता आणि ईदची खरेदी पावसात करावी लागली होती. 2026 मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, 2030 मध्ये जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होतो आणि 2035 पर्यंत तो कोरड्या दिवसांतच राहणार आहे. म्हणजे ईदचा हंगाम काही वर्षे पावसाबाहेर आहे, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळे मंदीच्या चार महिन्यांत आपल्या हाताशी ईदची कमाई नसेल, हेही तेवढेच खरे. ती आधी येते आणि जपून ठेवावी लागते.

कोणत्या धंद्याला समुद्र मानवतो?

समुद्राची खारी हवा कोणाचा माल नासवते, तर कोणाला काम देते. म्हणून सर्व धंद्यांना एकच सल्ला देता येत नाही.

वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन करणाऱ्यांना येथे काम आहे. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, त्यामुळे ग्रील, गेट, जिना, पत्र्याची शेड यांची डागडुजी सतत निघते. पावसापासून बचाव म्हणून स्लॅबवर आणि अंगणावर पत्र्याची शेड घालण्याची पद्धत कोकणात सर्वत्र आहे आणि ती कामे एप्रिल-मेमध्ये एकदम येतात. मात्र देशावरचा माल तेथे चालत नाही. साध्या स्टीलऐवजी गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरावा लागतो. स्टेनलेसमध्ये नेहमीच्या 304 जातीवर समुद्राजवळ तांबूस डाग पडतात, तेथे 316 जात टिकते, पण ती महाग असते. हा फरक गिऱ्हाइकाला आधी सांगून दर ठरवावा. नाही तर दुसऱ्या पावसात गंज दिसला की बोल कारागिराला लागतो.

सुतारकाम आणि फर्निचर करणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. दमट हवेत साधे प्लाय फुगते, दरवाजे बसेनासे होतात. स्वयंपाकघर आणि मोरीजवळ 710 क्रमांकाच्या भारतीय मानकाचे मरीन प्लाय वापरणे शहाणपणाचे. काम चांगले मिळते, पण उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान येथले सुतार कोकणात आधीपासून आहेत आणि दरात त्यांच्याशी स्पर्धा करणे कठीण आहे. टिकाऊपणा आणि वेळेवर काम यांवरच जागा मिळेल.

एसी, फ्रिज, मोटार वाइंडिंग आणि पंप दुरुस्ती हा धंदा तेथे चांगला चालण्यासारखा आहे. खाऱ्या हवेने कॉइल खराब होतात, दमट हवेने मोटारी जळतात आणि हे काम पावसातही थांबत नाही.

डिझेल इंजिनाचे मेकॅनिक, जाळी विणणारे आणि होड्यांची डागडुजी करणारे यांचे वर्ष तर सगळ्यांच्या उलटे आहे. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि तेव्हाच इंजिन उघडतात, लाकूड-फायबरची कामे निघतात, जाळी दुरुस्त होतात. इतरांची मंदी ती यांची गर्दी. पण नाखवाकडे त्या दिवसांत रोकड नसते. कामाचे पैसे पुष्कळदा ऑगस्टनंतर मासळी लागली की मिळतात. तेवढे दिवस सुटे भाग स्वतःच्या पैशाने आणण्याची ताकद हवी.

शिलाईचे काम लग्न, ईद, गणपती आणि शाळेचे गणवेश यांवर चालते. त्याचा हिशेब पुढे दिला आहे. मशीन रोज पुसून तेल द्यावे लागते आणि कापड जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवावे लागते.

चामड्याच्या वस्तूंचा साठा करणाऱ्यांनी विशेष सावध असावे. जुलैमध्ये बंद कपाटातल्या चामड्याला बुरशी धरते. तेथे पावसाळी चपला, रेनकोट, छत्र्या हा माल सोबत हवाच. बेकरीला गिऱ्हाईक बाराही महिने आहे, पण टोस्ट-खारी-बिस्किटे हवेने लगेच मऊ पडतात. हवाबंद पॅकिंगचा खर्च धरावा आणि भट्टी लाकडावर असेल तर सरपण मेमध्येच भरून ठेवावे.

हिशेब बारा महिन्यांचा करा

आता एक उदाहरण पाहू. यातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हाच हिशेब मांडावा.

समजा, मिरजेचा एक शिंपी दोन कारागीर घेऊन रत्नागिरीत दुकान टाकतो. कारागिरांची नगावरची मजुरी आणि दोरा-अस्तर वजा जाता त्याच्या हातात महिन्याला पुढीलप्रमाणे रक्कम उरते.

फेब्रुवारी ते मे, तेजीचे चार महिने: दरमहा 50,000 रुपये, एकूण 2,00,000.
ऑक्टोबर ते जानेवारी, मध्यम चार महिने: दरमहा 32,000 रुपये, एकूण 1,28,000.
जून ते सप्टेंबर, गणपतीची खरेदी धरूनही सरासरी: दरमहा 14,000 रुपये, एकूण 56,000.
वर्षाची एकूण कमाई: 3,84,000 रुपये.

आता खर्च. दुकानाचे भाडे 9,000, घराचे भाडे 6,000, वीज आणि जाणे-येणे 2,000, घरखर्च 15,000. महिन्याला 32,000 आणि वर्षाला 3,84,000 रुपये.

म्हणजे वर्षाअखेर शिल्लक शून्य. मे महिन्यात त्याच्या दुकानात बसलेला पाहुणा मात्र असा हिशेब करील की महिन्याला 18,000 रुपये मागे पडतात, म्हणजे वर्षाला दोन लाख सोळा हजार! दोघांचेही गणित बरोबर आहे. फरक इतकाच की एकाने एका महिन्याला बाराने गुणले आणि दुसऱ्याने बारा महिन्यांची बेरीज केली.

या हिशेबातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, सुरुवात कोणत्या महिन्यात करावी. हाच शिंपी जूनमध्ये दुकान उघडेल तर पहिल्या चार महिन्यांत दरमहा 18,000 प्रमाणे 72,000 रुपयांचा खड्डा पडेल आणि बरेच जण नेमके याच काळात कंटाळून परततात. तोच ऑक्टोबरमध्ये उघडेल तर चार महिने बरोबरीत जातील, लोकांची ओळख होईल आणि तेजीत 72,000 रुपये हाताशी येतील. तेच पुढच्या पावसात कामी येतील. मात्र ते पैसे पावसासाठीचे आहेत, नवी मोटारसायकल घेण्यासाठी नव्हेत.

दुसरी, हाताशी किती पैसा हवा. मंदीच्या चार महिन्यांचा पूर्ण खर्च, या उदाहरणात 1,28,000 रुपये, वेगळा ठेवल्याशिवाय निघू नये. दुकानाची अनामत, फर्निचर, बोर्ड, सामान हलवण्याचे भाडे यांत ही रक्कम धरू नये. ही रक्कम कर्जाऊ काढून आणली तर मंदीच्या महिन्यांत हप्ता फेडायचा कशातून, हा प्रश्न राहतोच.

तिसरी, नफा खर्च कापण्यातून निघतो. दुकान मुख्य बाजारात घेण्याऐवजी आतल्या गल्लीत 6,000 रुपयांनी मिळाले तर वर्षाला 36,000 वाचतात. पहिले वर्ष कुटुंब गावीच ठेवून स्वतः 2,000 रुपयांच्या खोलीत राहिले तर आणखी 48,000 वाचतात. यातून दर महिन्याला घरी जाण्याचा खर्च वजा करावा. पावसात गणवेश, पडदे, गाड्यांची आणि होड्यांची कव्हरे असे काम शोधले तर मंदीची धार थोडी कमी होते. किरकोळ शिलाईला आतली गल्ली चालते. तयार कपडे किंवा पादत्राणे विकणाऱ्याला मात्र रस्त्यावरचीच जागा लागते, कारण त्याचे गिऱ्हाईक दुकान पाहून आत येते.

माल आणण्याचा खर्चही मोजावा. कोल्हापूर-रत्नागिरी अंतर सुमारे 130 किलोमीटर आहे आणि मधे आंबा घाट आहे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की गाडी एक-दोन दिवस अडकते. मुंबई सुमारे 340 किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम 2011 मध्ये सुरू होऊन दशकाहून अधिक काळ रखडले. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, पण पावसाळ्यात तिचे वेगळे, संथ वेळापत्रक असते आणि रत्नागिरी स्टेशन बाजारापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. म्हणून लागणारा माल मेअखेर भरून ठेवावा लागतो. जो घाऊक व्यापारी मिरजेत आपल्याला महिन्याच्या उधारीवर माल देतो, तो घाटाखाली गेल्यावरही देईल का, हे त्याला आधीच विचारावे.

जागा आणि कागदपत्रे

बंदराजवळ, रस्त्याच्या कडेला किंवा खाडीकाठी एखादी टपरी स्वस्तात मिळते आहे असे कळले तर आधी विचारावे की खालची जमीन कोणाची. मिरकरवाडा बंदराच्या जागेवरील अतिक्रमणे प्रशासनाने जानेवारी 2025 मध्ये हटवली. अशा वेळी ज्याने टपरीसाठी अनामत दिली असेल, त्याला ती परत मिळवून देणारा कागद हातात नसतो.

भाड्याच्या जागेचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणी करून देण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद निघाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरीही कोर्टात जाऊन हक्क मिळवण्यापेक्षा आधी नोंदणी करणे स्वस्त पडते. करारात दोन गोष्टी जरूर घालाव्यात. पावसात छप्पर गळाले तर दुरुस्ती कोणाची आणि मुदतीपूर्वी सोडल्यास अनामत किती दिवसांत परत.

जागा घेताना पूर आणि वादळाची चौकशी करावी. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत घरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि व्यापाऱ्यांचा माल डोळ्यांदेखत वाया गेला. शेजारच्या दुकानदाराला विचारा की त्या वर्षी भिंतीवर पाणी कोठपर्यंत आले होते. विमा उतरवणाऱ्यांनी त्यात पूर आणि वादळ समाविष्ट आहे की नाही, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.

सरकारी नोंदींचे काम फार अवघड नाही. जीएसटी असणाऱ्यांचा क्रमांक राज्यातल्या राज्यात बदलत नाही, फक्त पत्ता बदलल्याची दुरुस्ती 15 दिवसांत करावी लागते. उद्यम नोंदणीतही पत्ता बदलता येतो. दुकाने आणि आस्थापना यांच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे कामगारांची संख्या कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर नोंदणी नको, ऑनलाइन सूचना देणे पुरते. बेकरी आणि खाद्यपदार्थवाल्यांची अन्न नोंदणी मात्र जागेची असते, ती नव्या जागेसाठी नव्याने काढावी.

जमीन विकत घेण्याची घाई करू नये. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही आणि किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात बांधकामावर सागरी किनारा नियमांची बंधने आहेत. पहिली तीन वर्षे भाड्यानेच राहणे हिताचे.

घर, शाळा आणि ओळख

पुरुषाचा धंदा हलतो तेव्हा बाईचे आणि मुलांचे आयुष्यही हलते. मुले उर्दू शाळेत असतील तर त्यांच्या इयत्तेची उर्दू शाळा नव्या घरापासून किती दूर आहे, दहावीनंतर काय, हे आधी पाहावे. दहावी-बारावीच्या वर्षात मुलाला हलवू नये. एप्रिल-मेमध्ये पाण्याची चौकशी करावी. जेथे एवढा पाऊस पडतो तेथे पाण्याची टंचाई कशी, असे देशावरच्या माणसाला वाटते. पण जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी ठरत नाही आणि उन्हाळ्यात अनेक वाड्या टँकरवर अवलंबून असतात. घरातल्या बाईला घर पसंत आहे का, हे विचारल्याशिवाय अनामत देऊ नये. तिचे माहेर, शेजार आणि तिचे स्वतःचे शिवण-टिपणाचे गिऱ्हाईकही मागे सुटत असते.

कोकणातल्या मुसलमान वस्तीत जमातीला मोठे स्थान आहे. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना सर्व ओळखतात, घरात कोकणी बोलतात आणि घाटावरून आलेला दखनी बोलणारा माणूस आपलाच असला तरी सुरुवातीला पाहुणाच असतो. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. गेल्यावर मोहल्ल्यातल्या जबाबदार मंडळींना स्वतः भेटावे, आपण कोण, कोठले, काय काम करतो हे सांगावे आणि आपल्या गावच्या ओळखीचा दाखला द्यावा. भाड्याचे घर याच ओळखीतून मिळते आणि लग्नाच्या घरची कामेही याच वाटेने येतात. मात्र धंदा एकाच मोहल्ल्यावर अवलंबून ठेवू नये. गणपतीची, शाळांची आणि कचेऱ्यांची कामे घेणाऱ्यालाच बाजारात पाय रोवता येतात.

तेथल्या जुन्या कारागिरांचे दर पाडून गिऱ्हाईक ओढण्याचा मोह टाळावा. दर एकदा पडला की आपलाही पडतो. शिवाय पहिल्या पावसात मशीन बंद पडले तर सुटा भाग उसना मागायला त्यांच्याच दारी जावे लागते.

गाव सोडताना

जुन्या गावात आपली जी पत असते ती सामानाच्या गाडीत भरून नेता येत नाही. निघण्याची बातमी फुटली की उधारी वसूल होणे कठीण जाते. म्हणून सहा महिने आधीपासून शांतपणे येणे गोळा करावे आणि आपले देणेही फेडावे. देणे ठेवून गेलेल्या माणसाची बातमी घाट उतरून त्याच्या आधी पोहोचते. जुने दुकान स्वतःचे असेल तर विकू नये. भाऊ किंवा विश्वासू कारागीर ते अर्धा दिवस जरी चालवील, तरी परत येण्याची वाट उघडी राहते.

काय करावे?

जाण्याचा विचार पक्का वाटत असेल तर येत्या जुलैमध्ये आठ दिवस रत्नागिरीत जाऊन राहावे. राम आळी, गोखले नाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव असे दुपारी चार वाजता पायी फिरावे आणि आपल्या धंद्याच्या दुकानांत किती गिऱ्हाइके आहेत ते मोजावे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारावे की मेमध्ये किती पार्सले येतात आणि जुलैत किती. आपल्याच धंद्यातल्या एखाद्या जुन्या माणसाजवळ बसून विचारावे की पावसात तो घर कसे चालवतो. उत्तर ऐकूनही उमेद टिकली तर ऑक्टोबरमध्ये एकट्याने, थोड्या सामानानिशी सुरुवात करावी. एक पूर्ण वर्ष, म्हणजे पुढच्या सप्टेंबरपर्यंत, रोजचा गल्ला वहीत लिहावा. बारा महिन्यांची बेरीज जुन्या गावच्या बेरजेपेक्षा खरोखर जास्त आली, तर त्यापुढच्या मे महिन्यात शाळा संपल्यावर कुटुंब न्यावे.

ज्याच्या हातात दुरुस्तीचे किंवा पावसातही चालणारे काम आहे, जवळ चार महिन्यांचा खर्च आहे आणि जुन्या गावी दुकान सांभाळणारे कोणी आहे, त्याने जरूर जावे. ज्याचा धंदा केवळ मालाच्या विक्रीवर आहे आणि भांडवल उसने आहे, त्याने तूर्त थांबावे. आणि जो केवळ येथल्या मंदीला कंटाळून निघाला आहे, त्याने एक गोष्ट समजून घ्यावी की मंदी तेथेही आहे. फरक एवढाच की तेथे ती कोणत्या तारखेला येणार हे आधीपासून ठाऊक असते. त्या चार महिन्यांची तजवीज ज्याने आधी केली, त्यालाच उरलेल्या आठ महिन्यांची कमाई राखता येते.